घसरूच्या कोटाची बटणं

४ मार्च
(छापील पत्रक)

पडणाऱ्यांच्या लेकींनो, लेकांनो,

तुमचं-माझं एक जुनं गाऱ्हाणं आहे. आपले बाप पडले आणि टाळ्या दुसऱ्यांनी घेतल्या. मूकपटांच्या काळात कुणी जिन्यावरून गडगडला, कुणी धावत्या गाडीवरून उडाला, कुणी रिकाम्या टाकीत डोक्यावर आपटला. पडद्यावर तोंड भलत्याचं, नाव भलत्याचं. घरी कंबर शेकायला मात्र तुमची आई आणि माझी आई!

घसरू तुम्हाला आठवतो. पांढराफटक चेहरा, झुडपासारख्या मिशा, गुडघ्यापर्यंत लोंबणारा कोट, वरच्या खिशात रंगाचा ब्रश. नऊ वर्षांत अठरा चित्रपट. त्याच्या तोंडून एकही शब्द न ऐकता लोक खुर्च्यांवरून खाली पडेपर्यंत हसले. मग बोलपट आले आणि घसरू जो गेला तो गेलाच.

जगाला ठाऊक आहे की घसरू म्हणजे माझे मोठे काका, अण्णा. करारावर सही त्यांची. आता खरं ऐका. पडायचे ते माझे वडील, तात्या. अण्णांचे धाकटे भाऊ, त्याच स्टुडिओत सुतार. रंग फासला, मिशा चिकटवल्या आणि तोच कोट चढवला की दोघांतला फरक जन्मदात्या आईलाही कळत नसे. अण्णांनी तोंड दाखवायचं आणि तात्यांनी हाडं मोडायची, अशी ही वाटणी होती.

पुरावा मागता? तात्या डावखुरे होते, अण्णा उजवे. अठरातला एकच चित्रपट उरला आहे, रंगाऱ्याचा. मी तो एकोणिसाव्या वर्षी पाहिला. पडणारा माणूस आधाराला कोणता हात पुढे करतो? जो त्याचा स्वतःचा आहे तो. पडताना कुणाला अभिनय सुचत नाही. आणि त्या चित्रपटात पडणाऱ्याचा डावा हात पुढे येतो!

दोन मे रोजी जुन्या स्टुडिओच्या शेडवर दगडी पाटी बसणार आहे. तिच्यावर नाव एकच. चाळीस वर्षं मी सभांमधून हे सांगत आले. दगडावर खोटं कोरलं गेलं तर पुढची चारशे वर्षं ते कोण खोडणार?

(मागच्या कोऱ्या बाजूवर, हाताने)

सुई,
पाचशे प्रती छापल्या, पहिली तुला. रागावशील, ठाऊक आहे. अण्णा तुझे वडील, त्यांना वाईट म्हणायची मला हौस नाही. पण पाटीचा मजकूर बदलायचा तर करारावर सही करणाऱ्याच्या वारसाची सही लागते, असं पाटी बसवणारी मंडळी म्हणतात. म्हणजे तुझी. तू शिंपी आहेस. वाकडी शिवण दिसली की उसवल्याशिवाय तुला झोप येत नाही. उसव.
तुझी तोफ


११ मार्च

प्रिय तोफ,

तुझं पत्रक मी दुकानात, गिऱ्हाइकासमोर वाचलं ही माझी चूक. पँटचं माप घेत होतो. 'हाडं मोडायची' या ओळीला त्या गृहस्थांना टाचणी लागली. ते ओरडले, मी माफी मागितली आणि पुढचं वाचत राहिलो. ते गिऱ्हाईक आता येईल असं वाटत नाही.

रागावलो का? बायकोनेही हेच विचारलं. मी म्हटलं, नाही, गोंधळलोय. ती म्हणाली, मग रोजच्यासारखाच आहेस.

माझं ऐक. अण्णा घसरू होते हे मी जन्मापासून ऐकत आलो, पण कधी पाहिलं नाही. माझ्या आठवणीतले अण्णा म्हणजे आमच्या दुकानातला कोपऱ्यातला स्टूल. आई मशीन चालवायची आणि ते काजं करायचे. कंबरेला चामडी पट्टा, कायम. लोक लांबून घसरूला बघायला यायचे. अण्णा वर बघायचे, मान हलवायचे आणि पुन्हा काजं करायला लागायचे. माणसं बाहेर जाऊन म्हणायची, 'हा? हा हसवायचा?' आम्हा पोरांना त्यांनी एकदाही हसवलं नाही, तोफ. एकदा मी म्हटलं, 'अण्णा, घसरूसारखं करून दाखवा ना.' ते उठले, आत गेले आणि दार लावून घेतलं. त्यामुळे तुझं पत्रक वाचून मला सगळ्यात आधी काय वाटलं असेल, तर हायसं. मग त्याची लाज वाटली.

काल जुन्या चित्रपटांच्या संग्रहात जाऊन आलो. रिळं सांभाळणाऱ्या एक बाई आहेत, हातात पांढरे मोजे घालून वावरतात. त्यांनी चित्रपट टेबलावरच्या यंत्रावर लावला. काच असते, दांडा फिरवला की चित्र हलतं, थांबवलं की थांबतं. आम्ही दोघांनी एकूण एक पडणं मोजलं. अकरा. त्यात सात वेळा डावा हात पुढे, चार वेळा उजवा. म्हणजे सात तात्याकाकांची आणि चार अण्णांची? असं वाटून घ्यायचं का?

आणि एक कोडं. शिडीच्या प्रसंगात घसरू चढतो तो उजव्या हाताने शिडी धरून. वर जाऊन डोळे विस्फारतो. पडतो तो डावा हात पुढे करून. चढणारा उजवा आणि पडणारा डावा. मधे कुठे बदलला? मी दांडा मागे-पुढे फिरवून फिरवून बाईंना वात आणला.
तुझा सुई


१५ मार्च

प्रिय सुई,

तू कोडं म्हणतोस? अरे, तू कबुलीजबाब पाठवला आहेस! चढले अण्णा. वर जाऊन डोळे विस्फारले अण्णांनी. मग कॅमेरा थांबला, अण्णा खाली आले, चहा प्यायला बसले आणि तोच कोट घालून माझे तात्या वर गेले. तिथून पडले ते तात्या. याहून स्वच्छ पुरावा कोणत्या न्यायालयाला लागतो?

चार उजवी पडणी अण्णांना खुशाल देऊ. ती किरकोळ असतील, मोरीतली.

खिडकीचं पडणं पाहिलंस ना? शेवटचं, शेडच्या वरच्या खिडकीतून खालच्या हातगाडीत. त्या दिवशी तात्यांना घरी गाडीवर घालून आणलं. खुबा मोडला तो कायमचा. आई विचारायची, 'कसं झालं?' तात्या म्हणायचे, 'पडलो.' बस्स, जन्मभर एवढंच. तुमच्या घरी सांगत की लाकडाच्या वखारीत फळीवरून घसरला. आईने कधी विश्वास ठेवला नाही. माझ्या आजोबांना नाटक-सिनेमातला जावई नको होता, म्हणून तात्या सासरी शपथेवर सांगत, 'मी फक्त शिड्या आणि टेबलं बनवतो.' त्या शपथेपायी त्यांचं नाव कुठे लागलं नाही. तिचा फायदा कुणी घेतला ते मी लिहीत नाही, तुला कळतं.

आणि हा माणूस लंगडत घरी येऊनही काय करायचा ठाऊक आहे? जेवताना डाव्या हाताने चमचा नाकावर तोलायचा आणि तो पडू नये म्हणून सगळ्या ताटांवरून मान फिरवायचा. आम्ही भावंडं घास घशात अडकेपर्यंत हसायचो. मोडल्या हाडांचा माणूस हसवत होता आणि नाव कमावणारा तुमच्या कोपऱ्यात स्टुलावर काजं करत होता. अण्णा हसले नाहीत ते का? मनाला टोचत असणार, दुसरं काय!

सोबत निवेदन जोडलं आहे. 'मुखदर्शन अण्णांचे, पडणे तात्यांचे.' खाली सही कर आणि परतीच्या टपालाने पाठव.
तुझी तोफ


२९ मार्च

प्रिय तोफ,

सही केलेली नाही. शेवटपर्यंत वाच, मधेच पत्र फेकू नकोस. तुझी सवय मला माहीत आहे.

संग्रहाच्या बाईंना काचेच्या कपाटात ठेवायला घसरूचा कोट हवा होता. आईने शिवलेला तो कोट माझ्याच पेटीत आहे. सही करायच्या आधी कोट देऊन येऊ म्हणून गेलो. यंत्राच्या शेजारी पसरला आणि सहज, धंद्याची खोड म्हणून, पडद्यावरच्या कोटाशी ताडून बघितला. बघतो तर काय, पडद्यावरच्या कोटाची बटणं बायकी!

तू वक्ता आहेस, तुला हे कळणार नाही, म्हणून सांगतो. पुरुषाचा कोट डावी बाजू उजवीवर येऊन मिटतो. बायकांचा उलटा. वरचा खिसा पुरुषांना डाव्या छातीवर. आईच्या कोटात सगळं बरोबर आहे. पण शिडीवरून पडणाऱ्या घसरूचा खिसा उजव्या छातीवर, ब्रशही तिकडेच. मी म्हटलं, 'बाई, आईच्या हातून अशी चूक सात जन्मांत होणार नाही. तुमचं चित्रच उलटं आहे.' आरशात बघितल्यासारखं.

बाईंनी दांडा फिरवून तो तुकडा पुन्हा पाहिला. मग कपाळावर हात मारला, मोजा घातलेला. हा चित्रपट पुढे परक्या मुलखांत फिरला. तिथली भाषा वेगळी, म्हणून मधेमधे पडद्यावर येणाऱ्या संवादांच्या छापील पाट्या सगळ्या कापून टाकल्या आणि जिथे पाटी होती तिथे फिल्म पुन्हा चिकटवली. मूकपटाच्या फिल्मला आवाजाची पट्टी नसते, त्यामुळे तुकडा पालथा चिकटवला तरी यंत्र कुरकुरत नाही. डावं उजवं होतं, एवढंच. अक्षरं असती तर उलटी दिसली असती, पण अक्षरंच कापलेली! मूळ रीळ पुढे कुजलं. आपल्याकडे आहे ती त्या जोडकामाची नक्कल, त्यामुळे कोणता तुकडा पालथा हे आता हाताला लागत नाही. शिडीवर चढणं आणि पडणं यांच्यामध्येही अशीच एक पाटी होती. म्हणजे माणूस बदललाच नव्हता गं. बदललं ते चित्र.

साठ वर्षं कुणाच्या लक्षात का आलं नाही? लोक पाय बघत होते. खिसा कोण बघतो? शिंपी.

मग मी आणि बाईंनी पुन्हा पहिल्यापासून सगळं बघितलं. नियम सोपा: बटणं बरोबर असली तर हात दिसतो तोच खरा. बटणं उलटी असली तर डावा म्हणजे उजवा आणि उजवा म्हणजे डावा.

चार उजव्या पडण्यांत बटणं बरोबर. म्हणजे उजवा माणूस. अण्णा.
सातांपैकी सहा डाव्या पडण्यांत बटणं उलटी. म्हणजे तीही उजव्या माणसाची. अण्णाच.

दहा वेळा माझे वडील पडले, तोफ. चामडी पट्टा काजं करून लागला नव्हता.

मला वाटलं, तू हरलीस. मला आनंद व्हायला हवा होता. पण अजून मधलं रीळ राहिलं होतं, जवळून घेतलेलं, ज्यात घसरू पडत नाही, नुसता हसवतो. टोपीचा प्रसंग आणि जेवणाचा. तो सगळं उजव्या हाताने करतो, म्हणून अण्णाच, असं आपण दोघंही धरून चाललो होतो. त्या सगळ्या तुकड्याची बटणं उलटी आहेत. तो डावखुरा आहे.

जेवणाच्या प्रसंगात तो काय करतो ते तुला आठवतं का? मला आठवत नव्हतं. तो चमचा नाकावर तोलतो आणि सगळ्या ताटांवरून मान फिरवतो.

तेव्हा तुझ्या निवेदनावर मी सही कशी करू? ते तंतोतंत उलटं आहे. तोंड तात्याकाकांचं होतं. लोक हसले ते तुझ्या वडिलांना.

उरलं अकरावं, खिडकीचं. डावा हात पुढे येतो. पण त्यात घसरूने कोट काढलेला आहे. अंगात गळ्यातून घालायची बिनबटणाची बंडी, खिसा नाही. तुकड्याच्या दोन्ही टोकांना जोड. चित्र सुलट असेल तर तात्याकाका पडले, उलट असेल तर अण्णा. माझी विद्या तिथे संपते. आई एवढंच सांगायची की खिडकीच्या दिवशी अण्णा चालत घरी आले, अंगावर खरचटलेलंसुद्धा नव्हतं, आणि दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. याचा अर्थ तूच लाव. मी लावायला बसलो की एकदा असा लागतो, एकदा तसा.
सुई


१४ एप्रिल
(पोस्टकार्ड)

तोफ,
पंधरा दिवस झाले, उत्तर नाही. वर्तमानपत्रात वाचलं की तुझं शनिवारचं व्याख्यान ऐन वेळी रद्द झालं. तू आणि व्याख्यान रद्द! बायको म्हणते, डॉक्टरला पाठव. वाटेल ते लिही, शिव्या लिही, पण लिही. पाटीचा पाथरवट गुरुवारी, चोवीस तारखेला, दहा वाजता छिन्नी लावणार आहे.
सुई


२० एप्रिल

प्रिय सुई,

आजारी नाही. उभी राहिले होते व्यासपीठावर, तोंड उघडलं आणि आतून काही आलंच नाही. आयुष्यात पहिल्यांदा. समोरचे लोक वाट बघत होते आणि मला एकच दिसत होतं, उलट्या बटणांचा कोट. मी म्हटलं, 'माफ करा,' आणि खाली उतरले. उतरताना पायरी चुकले. पहिल्या रांगेतले दोघे हसले. बरं वाटलं.

चाळीस वर्षं मी एका अन्यायाविरुद्ध भांडले. तो अन्याय झाला होता यात मला आजही शंका नाही. फक्त तो कुणी कुणावर केला, हे आता मला सांगता येत नाही. मी म्हणत होते, अण्णांनी माझ्या वडिलांची हाडं वापरली. हाडं तर तुझ्या वडिलांची होती. मग तात्यांनी अण्णांचं नाव वापरलं म्हणू? सासऱ्याला भिऊन भावाच्या नावामागे लपले आणि भावाला दहा वेळा खाली ढकललं? तेही म्हणून बघितलं, आरशासमोर, जोरात. पटत नाही. कारण शेवटी नाव मिळालं ते अण्णांना, आणि त्या नावाचं त्यांनी काय केलं? लोक हसायला यायचे आणि त्यांना हसवता येत नव्हतं. अरे, ते काय करून दाखवणार होते तुला? दुकानाच्या फरशीवर पडून? त्यांना तेवढंच येत होतं! बाकीचं येत होतं तो माणूस तीन गल्ल्या पलीकडे आम्हाला जेवताना हसवत होता आणि 'घसरू कोण?' असं विचारलं की 'तुझे अण्णाकाका' म्हणायचा.

बोलपट आल्यावर घसरू का संपला, याचं उत्तर मी सभांमधून देत असे: कलेचा खून भांडवलाने केला. टाळ्या पडायच्या. आता आठवतं, अण्णांचा आवाज ढोलासारखा आणि तात्यांचा पिपाणीसारखा. एका मिशीमागे दोन आवाज कसे बसवणार? उत्तर माझ्या कानांत होतं आणि मी ते ऐकलं नाही. स्वतःचंच ऐकत होते.

आता खिडकी. ती नकली नव्हती, सुई. शेडची खरी खिडकी आहे, अजून आहे. तात्यांनीच बसवली होती. एकच झडप. तुझं पत्र मिळाल्यावर मी गाडी धरून संग्रहात आले. तुला न भेटता परत गेले, माफ कर, तोंड दाखवायची हिंमत नव्हती. बाईंनी तो तुकडा मला वीस वेळा दाखवला. झडप बघणाऱ्याच्या उजव्या हाताला उघडते. आता हिशेब सोपा आहे. खऱ्या खिडकीची बिजागरं उजवीकडे असतील तर चित्र सुलट, हात डावा, तात्या पडले. डावीकडे असतील तर चित्र उलट आणि अण्णा पडले. मग तात्यांचा खुबा खरंच वखारीत मोडला आणि माझी आई जन्मभर चुकीचं समजत गेली. तिथून थेट शेडवर गेले. दुरुस्तीमुळे सगळी भिंत ताडपत्रीखाली. मुकादम म्हणाला, 'गुरुवारी सकाळी उतरवू, बाई. घाई काय आहे? साठ वर्षं उभी आहे भिंत.'

खरं सांगू? मला अजूनही वाटतं की तात्या पडलेले असावेत. एक तरी पडणं त्यांचं असावं. माझे वडील लोकांना हसवत होते हे कळल्यावर लेकीने आनंदाने नाचायला हवं, आणि मी त्यांचा मोडका खुबा घट्ट धरून बसले आहे. त्या खुब्यावर मी माझं सगळं आयुष्य उभं केलं रे. आणि तुलाही आतून वाटत असणार की अण्णा पडलेले नसावेत. निदान त्या एका दिवशी भावाने त्यांना सुट्टी दिली असावी. की त्यांनीच त्या दिवशी नाही म्हटलं, आणि म्हणून ते दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडले? बघ, मीही अर्थ लावायला बसले की एकदा असा लागतो, एकदा तसा.

म्हणून हे ठरवलं आहे आणि यावर मी ठाम आहे. बाकी सगळ्यावर डळमळीत आहे, पण यावर ठाम. नावं खिडकीच्या निकालावर कोरायची नाहीत. बिजागरं उजवीकडे निघाली तर मी फुशारेन, डावीकडे निघाली तर तू कुढशील, आणि दोघांपैकी कुणाच्या तरी हातून दुसऱ्याच्या बापाचं नाव बारीक अक्षरांत जाईल. आपण आपल्याच बापांची लेकरं आहोत, आपला भरवसा नाही.

पत्रक घेतलेल्या पाचशे जणांना मी 'चुकले' असं लिहून दुसरं पत्रक पाठवते आहे. ते माझं काम. तुझं काम एकच.

सोबतच्या कागदावर दोन नावं आहेत. एका ओळीत, एकाच मापाची अक्षरं, वर 'घसरू'. कुणी काय केलं याचा शब्दही नाही. खाली वारसाच्या सहीची जागा मोकळी आहे. गुरुवारी दहाच्या आत शेडपाशी जा. ताडपत्री उतरलेली असेल, खिडकी बरोबर तुझ्या डोक्यावर असेल, मुकादम म्हणेल, 'बघा, साहेब.' बघू नकोस. पाथरवटाच्या पाठीवर कागद टेकव आणि सही कर. कागद त्याच्या हातात पडला की मगच मान वर कर.
तुझी तोफ